चिठ्ठीविना अँटिबायोटिक : औषध प्रशासन आणि औषध विक्रेता संघटनांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री व मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
तसेच छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी व हिंगोली येथील औषध विक्रेता संघटनांचे सर्व पदाधिकारी

स.न.वि.वि.

मराठवाड्यातल्या कोणत्याही बाजाराच्या गावी मेडिकलवर जाऊन 'सहाशे पंचवीसच्या चार गोळ्या द्या' म्हटले की अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या गोळ्या मिळतात. घसा धरला असेल तर अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची स्ट्रिप, जुलाब लागले की ओफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोल, उन्हाळी (लघवीची जळजळ) लागली की नॉरफ्लॉक्सॅसिन. डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागत नाही, आणि एखाद्याने मागितलीच तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. ही सगळी अँटिबायोटिक औषधे शेड्यूल एचमधली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची आहेत. त्यांच्या वेष्टनावर डाव्या अंगाला उभी लाल रेघ असते आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्या रेघेचा अर्थ सांगणारी मोहीमही काढली होती. त्याआधी १ मार्च २०१४ पासून वेगळी नोंद सक्तीची असलेल्या औषधांची यादी, शेड्यूल एच-१, लागू झाली. दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा अँटिबायोटिकच्या वापराबद्दलचा जनजागृती सप्ताह येतो, फलक लागतात, रॅली निघते आणि २५ तारखेला काउंटरवर मागच्या पानावरून पुढे सुरू. आणखी एक वर्ष फलकांवर घालवणे आम्हाला मान्य नाही.

आम्ही मराठवाड्यात काम करणारे औषधनिर्माते (फार्मासिस्ट), डॉक्टर आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमधले लोक आहोत. कोणी काउंटरमागे उभा असतो, कोणी ओपीडीत बसतो, कोणी कल्चरच्या, म्हणजे रोग्याच्या नमुन्यातला जंतू वाढवून तपासायच्या प्लेट वाचतो. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला तिन्ही बाजूंनी दिसतो, आणि आमच्या घरची माणसेही आजारी पडली की त्याच औषधांवर अवलंबून असतात.

काय बिघडते ते आधी सांगतो, कारण 'एवढ्याशा गोळीने काय होते' हा प्रश्न शिकलेली माणसेही विचारतात. सर्दी-पडसे, बहुतेक घसादुखी आणि बहुतेक साधे ताप विषाणूंमुळे येतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप उतरणार असतो; दुसऱ्या दिवशी गोळी घेतलेली असते, म्हणून श्रेय गोळीला जाते आणि पुढच्या वेळी तीच मागितली जाते. दरम्यान पोटातल्या कोट्यवधी निरुपद्रवी जंतूंपैकी जे त्या औषधाला पुरून उरतात, तेच वाढतात. औषधाला दाद न देण्याचे गुण ते दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. हात, पाणी आणि संडासावाटे ते घरभर आणि गावभर फिरतात. म्हणजे ज्याने गोळी कधी घेतलीच नाही, त्यालाही उद्या न जुमानणारा जंतू लागू शकतो.

कल्चरचा रिपोर्ट ज्यांनी हातात घेतला आहे त्यांना ठाऊक आहे. डावीकडे औषधांची नावे, उजवीकडे 'एस' म्हणजे लागू पडेल, 'आर' म्हणजे लागू पडणार नाही. लघवीच्या साध्या संसर्गातला ई. कोलाय जंतू असतो आणि नॉरफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, सेफिक्झिम अशा तोंडाने घेण्याच्या औषधांपुढे एकाखाली एक 'आर' येतो. 'एस' दिसतो तो खाली, शिरेतून द्यायच्या इंजेक्शनांपुढे. जो रोग पाच दिवसांच्या गोळ्यांनी घरी बरा व्हायचा, त्यासाठी रोग्याला भरती व्हावे लागते. सन २०१९ मध्ये औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेले जगातले मृत्यू सुमारे १२ लाख ७० हजार असल्याचा अंदाज आहे.

क्षयरोगाचे उदाहरण तर मराठवाड्याने वेगळे लक्षात ठेवायला हवे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेला माणूस मेडिकलवरून लिव्होफ्लॉक्सॅसिन घेतो. हे औषध क्षयाच्या जंतूवरही काही प्रमाणात चालते. खोकला कमी होतो, अंगात बरे वाटते, थुंकीची तपासणी राहून जाते. रोग मरत नाही, दबतो. काही आठवड्यांनी उलटतो तेव्हा तपासणीला उशीर झालेला असतो, घरातल्या इतरांना लागण झालेली असू शकते, आणि बिघडलेल्या क्षयासाठी राखून ठेवलेले महत्त्वाचे औषध निकामी होण्याचा धोका तयार झालेला असतो. विषमज्वराचेही तसेच. आधीच दोन-चार गोळ्या पोटात गेल्या की रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाही, मग डॉक्टर अंदाजाने औषध देतो आणि बहुधा अधिक भारी देतो.

आता आमच्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार तपासणीच्या पद्धतीबद्दल आहे. एच-१ च्या औषधांसाठी वेगळे रजिस्टर लागते. त्यात डॉक्टरचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि दिलेली संख्या लिहायची आणि ते तीन वर्षे जपायचे. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन, फॅरोपेनेम ही त्यातलीच. नुसते रजिस्टर पाहून काहीच कळत नाही, कारण जे लिहिले ते खरे असले तरी जे लिहिले नाही ते रजिस्टरमध्ये दिसणार कसे? ते दिसते होलसेलरच्या बिलात. उदाहरणादाखल हिशेब असा : दुकानात महिन्याच्या सुरुवातीला सेफिक्झिम २०० च्या ४० गोळ्या शिल्लक, महिन्यात खरेदी ६००, महिनाअखेर शिल्लक ९०. म्हणजे ५५० गोळ्या गेल्या. मुदत संपून परत पाठवलेल्या असतील तर त्या वजा करा. रजिस्टरमध्ये १२० गोळ्यांची नोंद असेल, तर उरलेल्या ४३० चिठ्ठीविना गेल्या. याला प्रयोगशाळा लागत नाही, सापळा लागत नाही, खोटे गिऱ्हाईक पाठवावे लागत नाही. आता बहुतेक दुकानांत आणि होलसेलरकडे संगणकावरच बिल होते. बॅच नंबरसकट सगळे तयार असते. अर्ध्या तासाचे काम आहे. हा ताळा सक्तीचा का नाही, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

याच तक्रारीचा दुसरा भाग. एच-१ च्या मूळ यादीत ४६ औषधे होती. अ‍ॅझिथ्रोमायसिन, ओफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन त्यात नव्हती, आणि काउंटरवर सर्रास मागितली जातात ती हीच. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक्सचे तीन गट केले आहेत : सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. ही तिन्ही 'जपून' गटात येतात. वेगळे रजिस्टर नसले तरी औषध नियमावलीचा नियम ६५ त्यांनाही लागू आहेच : चिठ्ठीवर विकलेल्या प्रत्येक औषधाच्या बिलावर किंवा नोंदीत डॉक्टर, रोगी, बॅच, मुदत आणि औषधनिर्मात्याची सही हवी. प्रत्यक्षात बिलावर डॉक्टरच्या रकान्यात 'सेल्फ' असते, किंवा जवळच्या एखाद्या डॉक्टरचे नाव संगणकात कायमचे भरून ठेवलेले असते. त्या डॉक्टरला याचा पत्ताही नसतो.

दुसरी तक्रार औषधनिर्मात्याच्या हजेरीची. फार्मसी कायदा १९४८ सालचा. नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच, निदान त्याच्या देखरेखीखाली औषध दिले पाहिजे. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले असते आणि काउंटरवर बारावी झालेला मुलगा एकटा असतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही; त्याला जे शिकवले तेच तो करतो.

तिसरी तक्रार पुडीची. 'तीन टाईमचा डोस बांधून द्या' म्हटले की स्ट्रिपमधून गोळ्या कापून कागदात बांधल्या जातात. कापलेल्या तुकड्यावर नाव नसते, मुदत नसते, लाल रेघही बहुधा दुसऱ्या तुकड्यावर राहते. त्या पुडीत पुष्कळदा अँटिबायोटिकच्या जोडीला डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणि एक बारीक स्टेरॉइडची गोळी असते. स्टेरॉइडने ताप दबतो आणि माणूस कामावर जातो. डेंग्यू असेल तर डायक्लोफेनॅकने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्याला त्याच जातीचे अमॉक्सिसिलिन जाऊ शकते, आणि मग जीव धोक्यात आला तरी दवाखान्यात सांगायला औषधाचे नावच नसते. काही डॉक्टरही आपल्या रोग्यांना अशाच बिननावाच्या पुड्या देतात, हेही आम्ही इथे लिहून ठेवतो. आमच्यात डॉक्टर आहेत म्हणून ते वगळणार नाही.

लहान मुलांच्या ड्राय सिरपबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे चूक चमच्यात होते आणि ती कोणाला दिसत नाही. सेफिक्झिमचे सिरप दोन ताकदींत येते : ५ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ८ मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या मुलाला दिवसाला ८० मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून ते ८ मिलिलिटर होते, दुसरीतून ४. मागच्या वेळी जेवढे चमचे दिले तेवढेच या वेळी दिले आणि बाटली बदललेली असली, तर डोस दुप्पट किंवा निम्मा. मूल न तपासता, वजन न करता, 'दोन वर्षांचं लेकरू आहे' एवढ्यावर बाटली दिली जाते. पावडरमध्ये पाणी खुणेपर्यंत भरायचे असते, उकळून गार केलेले; आधी थोडे घालून हलवायचे, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत. घरी अंदाजाने पाणी ओतले की औषध पातळ किंवा घट्ट होते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचे सिरप एकदा कालवले की फ्रीजमध्ये ठेवून सात दिवसांच्या आत संपवायचे असते. मे महिन्यात परभणी-नांदेडच्या उन्हात पत्र्याच्या घरात फळीवर ठेवलेल्या बाटलीत काय शिल्लक राहत असेल? आणि उरलेली बाटली पुढच्या तापाला धाकट्यासाठी निघते.

जुलाबांचेही तसेच. मुलांच्या बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिक लागतच नाही. लागते ते ओआरएस (क्षार-संजीवनी), एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच, आणि जस्ताची गोळी १४ दिवस : सहा महिन्यांपर्यंत १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम. शौचातून रक्त पडत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरच हवा.

चौथी तक्रार आरोग्य विभागाकडेही जाते, पण ती तुमच्यासमोर मांडल्याशिवाय बाकीच्या मागण्या अन्यायाच्या ठरतील. माणूस मेडिकलवर जातो तो नियम मोडायच्या हौसेने जात नाही. रोजगार बुडवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे, डॉक्टर भेटेल याची खात्री नाही, खासगी दवाखान्यात तपासणीची फी, वर रक्त-लघवी. मेडिकलवर साठ-सत्तर रुपयांत काम होते. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, पण शेतातून माणूस परततो तेव्हा ओपीडी बंद असते. बीड, जालना, धाराशिवकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फडात दवाखाना नसतो, म्हणून निघताना गोळ्यांची पिशवी सोबत जाते. त्या पिशवीत काय असावे हे त्यांना कोणीच सांगत नाही. त्यात ओआरएस, जस्त आणि पॅरासिटामॉल असायला हवे. असते अँटिबायोटिक.

नियम कडक केल्याने काय होते आणि काय होत नाही, हे इतर देशांनी आपल्या आधी पाहून ठेवले आहे. चिलीने १९९९ मध्ये चिठ्ठीची सक्ती केली. खप उतरला, पण पुढे पुन्हा चढू लागला. ब्राझीलने २०१० मध्ये चिठ्ठीच्या दोन प्रती सक्तीच्या केल्या, एक दुकानात राहते. चिठ्ठी दहा दिवसच चालते आणि विक्रीची माहिती सरकारी संगणक-प्रणालीत भरावी लागते. मेक्सिकोनेही २०१० मध्येच सक्ती आणली, आणि तिथे मेडिकलला लागून डॉक्टरांच्या खोल्या भराभर उघडल्या. चिठ्ठी आली, औषधही तेच गेले. आपल्याकडे दवाखाना आणि मेडिकल आधीच एका भिंतीला असतात, त्यामुळे मेक्सिकोचा धडा आपल्याला सर्वांत जवळचा. बांगलादेशने २०२३ च्या कायद्यात चिठ्ठीविना अँटिबायोटिक विकल्यास २० हजार टका दंड ठेवला. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून सात ठरावीक आजारांत औषधनिर्माता डॉक्टरशिवाय औषध देऊ शकतो, पण ठरवून दिलेले लेखी निकष, वयाची अट आणि नोंद यांसह. लघवीच्या साध्या संसर्गासाठी ते १६ ते ६४ वयाच्या स्त्रियांनाच. ही सवलत आज इथे मागणे आम्हाला योग्य वाटत नाही. काउंटरवर औषधनिर्माता खरोखर उभा राहू लागला की बोलू. आपल्याच देशात केरळने जानेवारी २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' नावाने दुकानांची तपासणी सुरू केली. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही असे फलक दुकानांत लावायला लावले आणि अँटिबायोटिकसाठी निळी पाकिटे आणली. केरळला जमते ते महाराष्ट्राला का जमू नये?

जनावरांबद्दल दोनच वाक्ये. दगडी (कासेची सूज) झालेल्या गाई-म्हशीला मेडिकलवरून अँटिबायोटिकचे इंजेक्शन आणून टोचले जाते आणि दूध त्याच दिवशी डेअरीला जाते. लेबलवर वेगळी मुदत दिली नसेल तर दुधासाठी किमान ७ आणि मांसासाठी २८ दिवस थांबायचे असते, हे विक्रेत्याने सांगितलेच पाहिजे.

विक्रेता संघटनांना एक गोष्ट मोकळेपणाने. तुमची अडचण खरी आहे : एकट्याने नाही म्हटले तर गिऱ्हाईक तुटते आणि ते कायमचे तुटते. म्हणूनच हे एकेका दुकानदाराच्या सदसद्विवेकावर सोडता येत नाही. गावातल्या सगळ्या दुकानांनी एकाच तारखेपासून नाही म्हटले तर कोणाचेच गिऱ्हाईक कोणाकडे जाणार नाही. बंद पुकारायची वेळ येते तेव्हा तुम्ही एका दिवसात जिल्हा बंद करून दाखवता. ती ताकद इथे लावा.

आमच्या मागण्या अशा.

प्रत्येक जिल्ह्यात दर तिमाहीला ठरावीक दुकाने लॉटरी पद्धतीने निवडा आणि वर सांगितल्याप्रमाणे खरेदी, शिल्लक व नोंद यांचा ताळा घ्या. एच-१ च्या औषधांसोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन, ओफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट यांचाही घ्या. पहिल्या वेळी तफावत निघाली तर लेखी समज, दुसऱ्या वेळी नियम ६६ खाली परवाना निलंबन. कारवाईचे आदेश आणि त्यांवरच्या अपिलांचे निकाल संकेतस्थळावर टाका.

अँटिबायोटिक दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख पडलीच पाहिजे, म्हणजे तीच चिठ्ठी वर्षभर फिरणार नाही. नियमात हे आहेच. सुटी पुडी बंद. स्ट्रिप कापावीच लागली तर पाकिटावर औषधाचे नाव, ताकद, बॅच, मुदत आणि डोस मराठीत लिहून द्या. डॉक्टरांच्या पुड्यांनाही हेच लागू करण्यासाठी आरोग्य विभागाशी पत्रव्यवहार करा. ड्राय सिरप दुकानातच कालवून, मापाच्या टोपणासह आणि मिलिलिटरमध्ये डोस लिहून द्या.

संघटनांनी प्रत्येक दुकानात एक पानी तक्ता लावावा : कोणाला थांबवून लगेच डॉक्टरकडे पाठवायचे. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या मुलाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, शौचातून रक्त, दोन आठवड्यांचा खोकला, गरोदर बाईला ताप किंवा उन्हाळी. चिठ्ठी मागायची म्हणजे आजारी माणसाला हाकलायचे नव्हे. त्याला कुठे जायचे ते सांगायची जबाबदारी काउंटरवर येते.

आरोग्य विभागासोबत बसून आठवड्यातून किमान तीन दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रांची ओपीडी संध्याकाळी ठेवायचा निर्णय करून घ्या. ऊसतोड टोळ्या निघण्याआधी आशाताईंमार्फत प्रत्येक कोयत्याला (ऊस तोडणाऱ्या जोडप्याला) ओआरएस, जस्त आणि पॅरासिटामॉलची पिशवी द्या. मराठवाड्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी आपापल्या प्रयोगशाळेत कोणता जंतू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो याचा तक्ता दर सहा महिन्यांनी काढून तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचवावा. आज बरेच डॉक्टर कंपनीच्या प्रतिनिधीच्या माहितीवर औषध निवडतात.

येत्या १८ नोव्हेंबरच्या आत आठपैकी एका जिल्ह्यात पहिला ताळा पूर्ण करा, आणि त्या सप्ताहात फलकाऐवजी ती तफावत, गोळ्यांच्या संख्येत, जाहीर करा. कोणता जिल्हा आधी घ्यायचा ते तुम्ही ठरवा. ताळा कसा घ्यायचा ते निरीक्षकांना आणि दुकानदारांना शिकवायला आमच्यातले औषधनिर्माते विनामोबदला येतील.

आपले,
मराठवाड्यातील काही औषधनिर्माते, डॉक्टर आणि प्रयोगशाळा कर्मचारी